कांद्याचा काटा तपासता, पोरांचा का नाही?

घोडेगावच्या कांदा मार्केटात काटा किलोभर इकडेतिकडे झाला तर शेतकरी तिथंच भांडतो. व्यापाऱ्याच्या काट्याला वैधमापनचा शिक्का लागतो. शाळेतल्या काट्याचं काय? 20 किलोच्या पोराला 1 किलोची चूक म्हणजे 5 टक्के. अशक्त पोरगं कागदावर धडधाकट होतं!

उपाय बिनखर्ची आहे. काटा सतरंजीवर नको, सपाट फरशीवर ठेवा. आधी शून्य बघा, मग प्रमाणित वजन ठेवून पडताळा. चरबी दाखवणारं मशीन तर तळपायातून बारीक करंट सोडून नुसता अंदाज बांधतं. पाय ओले की कोरडे, यावरही आकडा हलतो. त्यावरून कुणाला 'जाड्या' ठरवू नका.

पालकांनो, शाळा समितीच्या बैठकीत एकच विचारा: काटा शेवटचा कधी तपासला?