झडप एक, कुलपे अनेक

मोटार कोणाच्या मालकीची, हा प्रश्न समाजवाद्यांनी आजवर पुष्कळदा विचारला. ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मात्र उपेक्षितच राहिला. श्रीमंतांच्या चैनीच्या वस्तूची चिंता आपण का वाहावी, असे काहींना वाटेल. परंतु या प्रश्नात गाडीच्या मालकाइतकेच गॅरेजातील श्रमिकाचे भवितव्य गुंतलेले आहे.

स्वयंचलित गिअरच्या मोटारीतील सॉलेनॉइड हा बोटभर भाग घ्या. तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि त्यात सरकणारा लोखंडी दट्ट्या, एवढाच त्याचा संसार. गाडीतील संगणकाने वेटोळ्यातून वीज सोडली की दट्ट्या सरकतो, तेलाची वाट उघडते वा मिटते, आणि तेलाच्या दाबाने क्लच आवळले जाऊन गिअर बदलतो. वेटोळे जळाले, किंवा झिजलेल्या धातूचा कीस येऊन दट्ट्या अडकला, की गाडी हिसके देते अथवा एकाच गिअरमध्ये अडून बसते.

पुष्कळ गाड्यांत ही दुरुस्ती जाणत्या मिस्त्रीच्या आवाक्यातली असते. प्रथम संगणकाने नोंदलेला दोषाचा संकेतांक वाचावयाचा. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना यासाठी एकच प्रमाणित जोडणी सक्तीची झाली. त्या पद्धतीत पी ०७५० हा अंक एका शिफ्ट सॉलेनॉइडकडे बोट दाखवतो. पण अंक म्हणजे निदान नव्हे. दोष तारेत किंवा जोडणीतही असू शकतो. म्हणून मीटर लावून वेटोळ्याचा विद्युतरोध मोजावयाचा आणि कंपनीच्या कोष्टकाशी ताडून पाहावयाचा. मग ऑइल पॅन उतरवून सॉलेनॉइड बदलावयाचा, फिल्टर पाहावयाचा, आणि नेमून दिलेल्या प्रतीचे तेल योग्य पातळीपर्यंत भरावयाचे.

मग अडते कोठे? कोष्टक कंपनीच्या तिजोरीत असते तेथे. सुटा सॉलेनॉइड न विकता अख्खा झडपसंच गळ्यात मारला जातो तेथे. आणि नव्या भागाची संगणकाला ओळख करून देणारी आज्ञावली केवळ अधिकृत केंद्रापाशी असते तेथे. अशा वेळी उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे घडलेला कारागीर हात बांधून उभा राहतो. त्याचे कौशल्य कमी पडलेले नसते. ते वापरण्याची वाट बंद केलेली असते. ग्राहक एका झडपेपायी संपूर्ण संचाचे मोल मोजतो, आणि बाकीचे धडधाकट यंत्र भंगारात जाते.

ही कल्पनाशक्तीची भरारी नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी सुटे भाग व निदान-साधने स्वतंत्र गॅरेजांपासून रोखल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना दोषी ठरवले, सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि ही दारे खुली करण्याचा आदेश दिला. दंडाचे प्रकरण पुढे अपिलांत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. माहिती देणे चांगलेच. पण संकेतस्थळ कायद्याची जागा घेऊ शकत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये मोटारदुरुस्तीच्या हक्काचा कायदा मंजूर केला. गाडीतील माहिती बिनतारी मार्गाने थेट कंपनीकडे जाऊ लागली, तेव्हा २०२० मध्ये त्यांनी सुमारे ७५ टक्के मतांनी तो अधिक व्यापक केला. त्यावर मोटार कंपन्यांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली. खुद्द भांडवलशाहीच्या माहेरघरी लोकांना हा लढा द्यावा लागतो, यातच सारे आले.

कंपन्या सुरक्षिततेचा हवाला देतात. तो सर्वस्वी खोटा नाही. चुकीची दुरुस्ती रस्त्यावर जीव घेऊ शकते. पण माहिती दडवल्याने चुका कमी होत नाहीत, वाढतात. कोष्टक हाती नसलेला मिस्त्री अंदाजाने काम करील, आणि तो अंदाजच घातक ठरेल. सुरक्षिततेची खरी कळकळ असेल तर माहिती खुली करावी आणि शिक्षण द्यावे.

तेव्हा आपली मागणी स्पष्ट असावी. दुरुस्तीची पुस्तिका, निदानाची आज्ञावली आणि सुटा भाग वाजवी दरात प्रत्येक गॅरेजाला मिळाला पाहिजे. कायद्याने मिळाला पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून या तंत्राचे अद्ययावत शिक्षण दिले गेले पाहिजे. आणि कामगार संघटना व ग्राहक चळवळ यांनी ही मागणी एकत्र मांडली पाहिजे. वस्तू विकल्यानंतरही तिच्यावरचा ताबा न सोडणारी मक्तेदारी या दोघांनाही एकाच वेळी लुबाडत आहे.