माग हलवू नका, रस्ते सुधारा

सोलापूरच्या पूर्व भागातले यंत्रमाग शहराबाहेर हलवावेत, असे सुचवणारे पत्र वाचले. आवाज, अरुंद बोळ, रंगाचे पाणी या तक्रारी खऱ्याच आहेत. पण सुचवलेला उपाय शहराच्या मुळावर येणारा आहे.

1877 साली सुरू झालेली जुनी मिल, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या इथल्या मोठ्या गिरण्या. एकेका आवारात एकवटलेला रोजगार गिरणीला टाळे लागताच गेला. साखर पेठ, अशोक चौक, कन्ना चौकातला मागांचा खडखडाट मात्र चालू राहिला. इथे पुढे माग, मागे चूल. घरातली म्हातारी कांड्या भरते, सून पाने कातरून विड्या वळते आणि विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये देऊन येते. मागाला काम नसले तरी विडीच्या मजुरीवर आठवडा निघतो. चादरीला उठाव राहिला नाही तेव्हा अनेकांनी टॉवेल धरले. हे घर आणि काम जवळ असल्यानेच जमले.

दाट वस्तीतल्या मागांना आग लागण्याची भीती मीही मानतो. पण मे 2025 मध्ये अक्कलकोट रस्त्यावर टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले, ते बोळात नव्हे, एमआयडीसीतच. शहराबाहेर कुंभारीच्या रे नगरात जानेवारी 2024 मध्ये 15,000 कामगारांना हक्काची घरे मिळाली, फार चांगले झाले. मात्र काम शहरात राहिले तर रिक्षाभाडे मजुरीतूनच जाणार.

महापालिकेने बोळात बंब शिरेल एवढी वाट मोकळी करावी, प्रत्येक शेडला दुसरा दरवाजा सक्तीचा करावा आणि रंगाच्या पाण्यासाठी सामाईक शुद्धीकरण केंद्र उभारावे.

— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर