सत्कार झाला, पण राहून गेले ते

बालमित्रांनो, आणि भिंतीपाशी थांबलेल्या पालकांनो,

परवा आमचे मोठे गुरुजी निवृत्त झाले. ५८ वर्षे पुरी झाली की जिल्हा परिषदेच्या गुरुजींना शाळा सोडावीच लागते. शाल-श्रीफळ झाले, भाषणे झाली. (एक भाषण फारच लांबले.) आता बाईंनी चार्ज घेतला आहे.

माझे मत असे की, आपल्याला गुरुजींचे काम उशिरा दिसते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, १० लाख डॉलरचा. त्यातले निम्मे पैसे त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या ९ शिक्षकांना वाटून दिले. तेव्हा सगळ्यांना नाव कळले. पण त्या शाळेत ते २००९ पासून होते की!

आमच्या गुरुजींना बक्षीस नाही मिळाले. पण दरसाल दसऱ्याआधी ते ऊसतोडीला जाणाऱ्या घरी सायकलवर जायचे. "पोराला आजीपाशी ठेवा, नेऊ नका," म्हणायचे. आमच्या घरी तीनदा आले. म्हणून मी शाळेत राहिलो. माझ्या दोस्ताला मात्र नेलेच. तो परत आला तेव्हा त्याला बाराचा पाढा येईना. समारंभात हे कोणी बोललेच नाही.

आता बाईंना कारभार सांभाळून दोन वर्ग शिकवायचे आहेत. त्या एकट्या कुठवर फिरणार? दसऱ्यानंतर टोळ्या निघतात. त्याच्या आधी पालकांपैकी दोघे-तिघे तरी बाईंबरोबर चला. पहिले घर माझ्या दोस्ताचे घ्या. वाट मी दाखवतो.