ल कातोचा हिशेब

पहिल्या महायुद्धात माघारीची आज्ञा डावलून ब्रिटिश जनरल स्मिथ-डोरियन फ्रान्समधील ल कातोला लढायला उभे राहिले आणि त्यांनी आपल्या दुसऱ्या कोअरचा नाहक बळी दिला, असा ठपका सर जॉन फ्रेंच यांनी 1919 साली ‘1914’ या पुस्तकात ठेवला. ठपका ठेवणारे खुद्द तेव्हाचे ब्रिटिश सरसेनापती, त्यामुळे तो पुष्कळांना पटतो. पण या आरोपाविरुद्धचे पहिले साक्षीदारही सर जॉनच आहेत. लढाई झाली 26 ऑगस्ट 1914 रोजी. 7 सप्टेंबरच्या अहवालात त्यांनीच लिहिले की, याच सेनानीच्या दुर्मीळ धैर्यामुळे फौजेची डावी बगल वाचली. तो अहवाल घाईत लिहिला होता, हा त्यांचा नंतरचा खुलासा. बरे, घाई मान्य करू. मग पाच वर्षांच्या सवडीनंतर हानीचा आकडा तरी नेमका यायला हवा होता! पुस्तकात किमान 14,000 माणसे आणि सुमारे 80 तोफा. सरकारी इतिहासात 7,812 माणसे आणि 38 तोफा.

आज्ञाभंगाचे म्हणाल, तर लढाईच्या दिवशी पहाटे दोनच्या सुमारास घोडदळाचे ॲलनबी बर्ट्रीला स्मिथ-डोरियन यांच्या मुख्यालयात आले. माझे स्वार पांगलेत, अंधारातच निघाला नाहीत तर उजाडताच शत्रू गाठेल, असे त्यांनी बजावले. तिसऱ्या डिव्हिजनचे हॅमिल्टन म्हणाले, नऊच्या आत माझी माणसे हलणार नाहीत. मॉन्सच्या लढाईपासून चालून दमलेल्यांना दिवसाउजेडी पाठीवर वार झेलत नेण्यापेक्षा शत्रूला एक तडाखा देऊन निसटावे, हा निर्णय तेव्हा झाला आणि तो वर कळवलाही गेला. उत्तर आले: माघार हवीच, पण रीत तुम्ही ठरवा. याला आज्ञाभंग म्हणायचे असेल तर शब्दकोशच बदलावा लागेल.

जर्मन सेनापती क्लुक तसेही भलतीकडे, नैऋत्येला धावले, मग लढलात कशाला, हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पण ते कुठे धावणार, हे त्या पहाटे बर्ट्रीत कोणाला ठाऊक होते? दोष खरा आहे तो दुपारच्या माघारीत. निघण्याचा हुकूम गॉर्डन हायलँडर्स पलटणीपर्यंत पोचलाच नाही. ते रात्रीपर्यंत जागा धरून राहिले आणि बहुतेक सगळे कैद झाले. तरीही उरलेली कोअर सेंट-क्वेंटिनकडे निसटली आणि सप्टेंबरात मार्नवर पुन्हा लढली.

पुस्तक आले तेव्हा स्मिथ-डोरियन नोकरीत असल्याने त्यांना जाहीर उत्तर देण्याची परवानगी मिळाली नाही. 1925 मध्ये सर जॉन वारले, तेव्हा त्यांच्या शवपेटीच्या मानकऱ्यांत स्मिथ-डोरियनही होते.