विश्लेषण : पोटभर मासे खाऊनही सीलच्या रक्तात ‘अ’ जीवनसत्त्व कमी का?

कारखान्याच्या सांडपाण्यामुळे नदीत मासे मेले की बातमी होते, पंचनामा होतो, पाण्याचे नमुने बाटल्यांत भरले जातात. जे मासे मरत नाहीत, त्यांच्या यकृतात काय घडते याची विचारपूस मात्र क्वचितच होते. पीसीबी आणि डायॉक्सिन या गटांतील रसायने प्राण्याला न मारता त्याच्या शरीरातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा कारभार बिघडवतात. हे विज्ञानाला १९८०च्या दशकापासून ठाऊक आहे.

वाडेन समुद्रात काय आढळले?

नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्याला लागून वाडेन समुद्र हा भरती-ओहोटीचा उथळ पट्टा आहे. ऱ्हाइन नदीतून समुद्रात आलेले प्रदूषण त्याच्या पश्चिम भागापर्यंत पोहोचत असे. याच भागात १९५० मध्ये तीन हजारांहून अधिक असलेले सील १९७५ पर्यंत पाचशेच्या खाली आले. पिल्लेच कमी जन्मत होती. कारण शोधण्यासाठी डच संशोधक पीटर राइंडर्स यांनी २४ माद्यांचे दोन गट केले. एका गटाला वाडेनचे मासे दिले, दुसऱ्याला अटलांटिकचे तुलनेने स्वच्छ मासे. जवळपास दोन वर्षांनंतर स्वच्छ मासे खाणाऱ्या १२ पैकी १० माद्या गाभण राहिल्या, वाडेनचे मासे खाणाऱ्या १२ पैकी फक्त चार. हे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८९ मध्ये त्याच प्रयोगाचा पुढचा भाग समोर आला. पीसीबीयुक्त मासे खाणाऱ्या सीलच्या रक्तात रेटिनॉल, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचे रक्तातून फिरणारे रूप, आणि थायरॉइडची संप्रेरके दोन्ही कमी होती.

यावर एक रास्त आक्षेप होता. दोन्ही गटांना दिलेले मासे एकाच जातीचे नव्हते, तेव्हा फरक आहारामुळेही पडू शकतो. म्हणून १९९०च्या दशकात डच संशोधकांनी दोन्ही गटांना हेरिंगच खाऊ घातले, एकाला प्रदूषित बाल्टिक समुद्रातले आणि दुसऱ्याला अटलांटिकचे. बाल्टिकचे हेरिंग खाणाऱ्या सीलची रोगप्रतिकारशक्ती मंदावली आणि रक्तातील ‘अ’ जीवनसत्त्वही कमी भरले.

बिघाड नेमका कुठे होतो?

‘अ’ जीवनसत्त्व म्हटले की गाजर आणि रातांधळेपणा आठवतो. पण त्याचे काम डोळ्यांपुरते नाही. गर्भातील हृदय, डोळे, हातपाय यांची घडण, त्वचेची व श्वासमार्गाच्या अस्तराची वाढ, रोगप्रतिकारशक्ती, प्रजनन या सर्वांना ते लागते. जास्तीचे जीवनसत्त्व यकृतात साठते आणि गरजेनुसार थोडे थोडे रक्तात सोडले जाते.

रक्तातून ते एकटे फिरत नाही. एक छोटे प्रथिन त्याला उचलते आणि हे प्रथिन ट्रान्सथायरेटिन नावाच्या मोठ्या प्रथिनाला चिकटून प्रवास करते. ही जोडी आकाराने मोठी असल्याने मूत्रपिंडाच्या गाळणीतून निसटत नाही. ट्रान्सथायरेटिन थायरॉइडचे संप्रेरकही वाहून नेते, म्हणजे एकाच गाडीत दोन प्रवासी. शरीर पीसीबीचे विघटन करू पाहते तेव्हा तयार होणारे काही पदार्थ नेमके थायरॉइडच्या संप्रेरकाची जागा बळकावतात. त्यामुळे छोट्या प्रथिनाची पकडही सैल होते आणि जीवनसत्त्व मूत्रावाटे वाया जाते. सीलमध्ये दोन्ही गोष्टी एकदमच का घसरल्या, याचा उलगडा इथे होतो.

दुसरी वाट यकृतातून जाते. डायॉक्सिन आणि त्याच्यासारखे वागणारे पीसीबी पेशीतील एका ग्राहक प्रथिनाला चेतवतात. मग विषारी पदार्थ मोडणारी विकरे जोमाने कामाला लागतात आणि या गडबडीत शरीराचे स्वतःचे ‘अ’ जीवनसत्त्वही मोडीत निघते. यकृताची साठवणही रोडावते. शरीराने बचावासाठी उभारलेली यंत्रणाच इथे कोठार रिकामे करते.

हे फक्त सीलपुरतेच आहे का?

नाही. उत्तर अमेरिकेतील ‘ग्रेट लेक्स’ परिसरातील हेरिंग गल पक्ष्यांच्या यकृतात ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा कमी आढळला. कॅनडात माँट्रियलजवळच्या प्रदूषित नदीतील स्टर्जन माशांमध्येही तेच चित्र होते. ध्रुवीय अस्वलाच्या यकृतात हे जीवनसत्त्व इतके साठते की ते खाऊन ध्रुवीय मोहिमांतील माणसांना विषबाधा झाली आहे. पण नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील अस्वलांमध्ये पीसीबी जितके जास्त, तितके रक्तातील रेटिनॉल कमी दिसले. त्या बेटांवर पीसीबी बनवणारा कारखाना नाही. वारा, समुद्रप्रवाह आणि अन्नसाखळी यांतूनच ही रसायने तिथवर पोहोचतात.

अर्थात वय, ऋतू, नर-मादी आणि आहार यांनुसार ही पातळी बदलते. त्यामुळे एका माशाचे यकृत तपासून कारखान्याकडे बोट दाखवता येत नाही. पण ही अडचण मोजमाप टाळण्याची सबब होऊ नये. स्वच्छ भागातल्या त्याच जातीच्या, त्याच वयाच्या माशांशी तुलना करून ती दूर करता येते.

भारताशी संबंध काय?

पीसीबी प्रामुख्याने जुन्या ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमधील तेलात असते. स्टॉकहोम करारानुसार उपकरणांतील त्याचा वापर २०२५ पर्यंत थांबवायचा आणि उरलेल्या साठ्याची २०२८ पर्यंत सुरक्षित विल्हेवाट लावायची, असे ठरले आहे. भारताने २०१६ मध्ये काढलेल्या आदेशात वापरासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत घातली. कागदावर हे पुरेसे वाटते. खरा प्रश्न भंगारात निघालेल्या यंत्रांचा आहे. त्यांतले तेल उघड्यावर सांडले तर ते पावसाबरोबर ओढ्यात आणि तिथून गाळात जाऊन बसते, दशकानुदशके टिकते आणि चरबीत साठत एका जिवातून दुसऱ्यात जाते.

पाण्यातील प्राणवायू किंवा सामू मोजून हे कळत नाही. त्यासाठी गाळ, मासा आणि माशाचे यकृत तपासावे लागते. यकृताचा नमुना घेताच अंधारात ठेवून गोठवणे गरजेचे असते, कारण उजेडात रेटिनॉल विघटते. मासे मेल्यावर दुसऱ्या दिवशी होणाऱ्या पंचनाम्यात अशा तपासणीला जागाच नसते. ती मासे जिवंत असतानाच, ठरावीक काळाने करावी लागेल.