डोळ्यांना न दिसणारा ऐब

कुर्बानीचे जनावर घेताना आपण किती बारकाईने पाहतो! दात बघतो, डोळे तपासतो, चार पावले चालवून पाहतो, कान-शिंगे धड आहेत ना याची खात्री करतो. आंधळे, आजारी, लंगडे किंवा हाडांचा सापळा झालेले जनावर चालत नाही, हे घरातल्या मुलांनाही ठाऊक असते. मात्र काही ऐब बाजारातल्या जाणत्या माणसालाही दिसत नाहीत. जनावर धष्टपुष्ट असते, निवांत रवंथ करत असते, आणि तरीही त्याच्या वंशाला धक्का बसलेला असतो. कुर्बानीच्या मसल्याशी याचा संबंध नाही. पण जनावर पाळणाऱ्या, दूध-मांस खाणाऱ्या प्रत्येक घराशी आहे.

शरीरातल्या ग्रंथी रक्तात हॉर्मोन सोडतात. मादीने कधी माजावर यावे, गर्भ कसा वाढावा, याचे निरोप हे हॉर्मोन पोचवतात. काही पदार्थांची घडण हॉर्मोनसारखी असते आणि शरीर फसते. काही पदार्थ खऱ्या हॉर्मोनचे काम अडवतात.

हे मेंढपाळांना फार जुन्या काळी अनुभवाला आले. 1940 च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर नावाच्या हिरव्यागार चाऱ्यावर मेंढ्या चरत होत्या. अंगाने चांगल्या होत्या, पण गाभण राहीनात. शोध घेतल्यावर कळले, की त्या चाऱ्यातच मादीच्या इस्ट्रोजेन हॉर्मोनसारखे काम करणारे पदार्थ होते. ते पदार्थ वनस्पतीचे होते. आज असे कितीतरी पदार्थ माणूस तयार करतो.

स्कॉटलंडची गोष्ट पाहा. ग्लासगो शहराच्या सांडपाण्याचा गाळ जहाजात भरून समुद्रात टाकत असत. 1998 च्या अखेरीस युरोपात ही पद्धत बंद झाली आणि असा गाळ खत म्हणून शेतात टाकण्याचे प्रमाण वाढले. तो गाळ म्हणजे हजारो घरांच्या मोऱ्या-संडासांतून वाहून आलेला ऐवज. प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट रसायने, काही धुण्याच्या द्रव्यांतले अल्किलफेनॉल, औषधी गोळ्यांतून लघवीवाटे बाहेर पडलेले हॉर्मोन, असे बरेच काही त्यात थोडेथोडे असते.

तिथल्या मॅकॉले इन्स्टिट्यूटच्या आणि विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी काही मेंढ्या गाळ घातलेल्या कुरणात चारल्या, काही साध्या रासायनिक खताच्या कुरणात. मेंढी सुमारे पाच महिने गाभण असते. गाळाच्या कुरणातल्या मेंढ्यांच्या पोटातील नर कोकरांची वृषणे हलकी भरली, त्यांच्यातले नर हॉर्मोन कमी आढळले. मादी कोकरांच्या अंडाशयात बीजांडे कमी होती. पुढे अशा 12 मेंढ्यांची, म्हणजे नरांची, 19 महिन्यांचे झाल्यावर तपासणी झाली. वजन ठीक, वृषणांचा आकारही ठीक. पण 12 पैकी 5 जणांमध्ये बीज तयार करणाऱ्या पेशी फार कमी निघाल्या. बाहेरून पाहून हे पाच कोणते, हे कोणालाही सांगता आले नसते.

आणखी एक गोष्ट विचार करायला लावते. दोन्ही कुरणांतल्या मेंढ्यांच्या अंगात यांपैकी एकेका रसायनाच्या प्रमाणात फार मोठा फरक नव्हता. म्हणजे अनेक थोडीथोडी विषे एकत्र आली आणि गर्भाच्या नाजूक दिवसांत भिडली, तरी काम बिघडू शकते.

आपल्या शेजारी हैदराबादला मुसी नदीकाठी सांडपाण्यावर पॅरा गवत वाढवून म्हशींना घालतात. तिथल्या म्हशींना असेच झाले, असे आम्ही म्हणत नाही. पण गटारातून गवतात आणि गवतातून जनावराच्या पोटात जाण्याची वाट तीच आहे. आपल्या गावातही नाल्याकाठी शेळ्या चरतात, उकिरड्यावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या चघळतात.

साचलेल्या पाण्यात लघवी करू नये, पाणवठ्यावर घाण करू नये, ही प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्याला मकतबमध्येच मिळते. त्या शिकवणीचा अर्थ आजच्या मोरीपर्यंत नेला पाहिजे. फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नये. कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात जनावराला पाणी ठेवू नये. तो डबा कितीही घासला तरी या कामाचा नाही. उरलेली औषधे संडासात ओतू नयेत. शिळे अन्न पिशवीत बांधून बाहेर फेकू नये. गाभण शेळी-मेंढीला तरी नाल्याकाठच्या गवतापासून दूर ठेवावे.

शेळी गाभण राहत नसेल, तर नजर लागली म्हणून बसू नये आणि लगेच खाटकाच्या हवालीही करू नये. खुराकात कमतरता, क्षारांचा अभाव, एखादा संसर्ग, बोकडातला दोष, अशी कारणे पुष्कळ असतात. आधी पशुवैद्यकाला दाखवावे. ती कुठे चरते, कोणते पाणी पिते, हेही त्यांना सांगावे. वाड्यातल्या दोन-तीन शेळ्या एकाच वेळी रिकाम्या राहत असतील, तर ही माहिती फार मोलाची ठरते.

मुकी जनावरे आपल्याकडे अमानत आहेत. त्यांच्या पोटातले कोकरूही त्याच अमानतीत येते.