दिवा माझा, मोटर माझी, मग परवानगी कंपनीची का?

आज जरा घरातलं रडगाणं. पण वाचा, उद्या तुमच्यावरही हीच पाळी आहे.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत गटाराचं खोदकाम निघालं आणि जेसीबीनं फायबरची केबल तोडली. लाइट होती, राउटर चालू होता, फक्त बाहेरचं नेट गेलेलं. सकाळी टाकीची मोटर लावून मी खाली पेपर वाचत बसलो होतो. मोटरला मोबाईलवरून चालणारा 'स्मार्ट' स्विच बसवलाय, हौस माझीच. बंद करायला गेलो तर अ‍ॅप म्हणतं, डिव्हाइस ऑफलाइन! टाकी भरून पाणी शेजारच्या काकूंच्या पापडांवर. शेवटी जिना चढून हातानं बटण दाबलं. काकू अजून धड बोलत नाहीत.

कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, आमच्या सर्व्हरशी कनेक्शन नाहीये." अहो ताई, मोबाईल माझ्या हातात, स्विच वरच्या भिंतीवर, मध्ये एक जिना. हुकूम आधी परगावच्या सर्व्हरवर जाणार, तिथून माझ्या जिन्यावर येणार, हा कुठला शहाणपणा? खरं तर घरातलं वायफाय तेवढ्याला पुरतं. पण मग मी मोटर किती वाजता लावतो, घरी कधी नसतो, हे कंपनीला कसं कळणार?

आणि उद्या कंपनीनंच दुकान गुंडाळलं तर? अमेरिकेत हे होऊन गेलंय. रिव्हॉल्व्ह नावाचं २९९ डॉलरचं यंत्र होतं, घरातली सगळी स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं. २०१४ साली गूगलच्या नेस्टनं ती कंपनी विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. यंत्र धडधाकट, पण उपयोग शून्य. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर तर ग्राहकांना न सांगताच बंद पडले.

'मग घेऊच नका ना स्मार्ट वस्तू' असं कॉमेंटमध्ये लिहिणारे आहेतच. माझ्या आईला गुडघ्यामुळे जिना चढवत नाही, तिला हा स्विच सोयीचा आहे. सोय हवीच. फक्त तिचा लगाम घरात हवा. आणि ते जमतं. होम असिस्टंट नावाची फुकट प्रणाली आहे, घरातल्याच छोट्या कॉम्प्युटरवर चालते आणि बऱ्याच वस्तूंना नेटशिवाय हुकूम देते. २०२२ साली आलेलं 'मॅटर' हे मानकही घरातल्या नेटवर्कवरच काम करतं. म्हणजे अडचण तंत्राची नाही, दानतीची आहे.

आपल्या केंद्र सरकारनं २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. चांगलं केलं. पण सर्व्हर बंद झाल्यामुळे मेलेली वस्तू कुठला मेकॅनिक दुरुस्त करणार? शाकाहारी-मांसाहारीची खूण आपण बिस्किटाच्या पुड्यावर छापायला लावतो ना? मग 'ही वस्तू इंटरनेटशिवाय चालते' किंवा 'चालत नाही' एवढं खोक्यावर मोठ्या अक्षरात छापायला लावा. आणि सर्व्हर बंद करायचा असेल तर आधी वस्तूची चावी ग्राहकाला द्या.

तोवर दुकानात एक करा. पैसे देण्याआधी दुकानदाराला सांगा, राउटर चालू ठेव, नेटची वायर काढ, मोबाईलचा डेटाही बंद कर आणि आता हा दिवा लावून दाखव. परवा बाजारपेठेत मी हेच म्हणालो, तर मालक म्हणाला, "साहेब, तुम्ही साधं बटणच घ्या."